मराठी माध्यमातून मिरजेला आलात? मेडिकलचे अवघड शब्द असे सोडवा

मिरज स्टेशनातून बाहेर पडलं की पाट्या सुरू होतात. ऑर्थोपेडिक, पेडियाट्रिक, एन्डोस्कोपी, मल्टिस्पेशालिटी, पॉलिक्लिनिक. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नंतर गावच्याच हायस्कुलात मराठीतून शिकलेली मुलगी होते. पहिल्या आठवड्यात वर्गात एका तासाला तीस-चाळीस नवे शब्द यायचे. मी ते पाढ्यांसारखे पाठ करायचे आणि चौथ्या दिवशी विसरायचे.

सहा महिन्यांनी लक्षात आलं की हे शब्द पाठ करायचे नसतात, सोडवायचे असतात. आणि सोडवायची रीत आपल्याला आठवी-नववीच्या मराठी व्याकरणात शिकवलेली असते. आज वॉर्डात नव्या मुली येतात तेव्हा त्यांना मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फार्मसी, फिजिओथेरपी, कुठल्याही कोर्सला मराठी माध्यमातून आलेल्यांना ते चालेल.

काय काय जवळ ठेवायचं

- दोनशे पानी एक वही. ती फक्त शब्दांची. नोट्सची वेगळी.
- दोन रंगांचे पेन. उपसर्ग लाल, बाकीचा शब्द निळा.
- शाळेचं मराठी व्याकरणाचं पुस्तक. उपसर्गघटित शब्द, संधी आणि समास ही तीन प्रकरणं पुरतात. रद्दीत घातलं असेल तर धाकट्या भावंडाचं घ्या.
- एक छोटा मेडिकल शब्दकोश, ज्यात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली आहे. घेण्याआधी कुठलंही पान उघडून पाहा. व्युत्पत्ती नसेल तर तो कोश या कामाचा नाही.
- मोबाइलवर मराठी विश्वकोश. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला आणि नेटवर फुकट वाचता येतो. शरीरावरच्या नोंदींत प्रत्येक इंग्रजी संज्ञेला मराठी संज्ञा दिलेली आहे. त्याचा उपयोग पुढे येईलच.

१. शब्द मागून वाचा, मग पुढून, मग मधला

मेडिकलचा शब्द साधारण तीन तुकड्यांचा असतो. शेवटचा तुकडा सांगतो की गोष्ट कसली आहे. 'आयटिस' आला की दाह. 'एक्टॉमी' आली की काहीतरी कापून काढलंय. 'स्कोपी' म्हणजे आत पाहणं, 'प्निया' म्हणजे श्वासाची गोष्ट, 'एमिया' म्हणजे रक्तातली, 'यूरिया' म्हणजे लघवीची. हे शेवटचे तुकडे पंचवीस-तीसच आहेत. पंधरा दिवसांत बसतात, त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका.

खरी मेहनत पहिल्या तुकड्यावर करायची. तोच अर्थ फिरवतो. शाळेत 'हार' घेऊन बाईंनी शिकवलेलं आठवा: आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. धातू एकच, पण पुढे काय लागलं त्यावर जेवण होतं, हिंडणं होतं, नाहीतर मार बसतो. आता 'यूरिया' घ्या. ॲन्यूरिया म्हणजे लघवी जवळजवळ होतच नाही. ऑलिग्यूरिया म्हणजे कमी होते. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४०० मिलीपेक्षा कमी. पॉलियूरिया म्हणजे फार होते. डिस्यूरिया म्हणजे त्रासाने होते, जळजळ, दुखणं. नॉक्ट्यूरिया म्हणजे रात्री उठून जावं लागतं. एका शेपटीला पाच तोंडं. पाचही शब्द वेगवेगळे पाठ करणारी मुलगी परीक्षेत गोंधळते, तोंडं ओळखणारी गोंधळत नाही.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. ही शेपटी आणि खताच्या पोत्यातला युरिया मराठीत सारखेच लिहितो आणि बोलतो, पण इंग्रजीत त्यांचं स्पेलिंग वेगळं आहे. शेपटी यू-आर-आय-ए, खत यू-आर-ई-ए. दोन्ही 'लघवी' या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दापासून आले आहेत. मात्र 'ब्लड यूरिया' या रक्ततपासणीत मोजतात तो दुसरा, खतवाला पदार्थ.

२. उपसर्गांची ओळख घरातून करून घ्या

मराठी व्याकरणात संस्कृतचे बावीस उपसर्ग आहेत: प्र, परा, अप, सम्, अनु, अव आणि पुढचे. ग्रीक आणि लॅटिन उपसर्ग शिकताना ही यादी समोर ठेवा, कारण त्यातले बरेचसे आपल्या उपसर्गांचे सख्खे नातेवाईक आहेत. मी हे अंदाजाने म्हणत नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून फुटलेल्या असाव्यात. पुढच्या भाषाअभ्यासाने ते पक्कं केलं.

सगळ्यात सोपा आपला नकाराचा 'अ'. व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्': अज्ञान, पण अनादर. ग्रीकमध्ये नियम हाच आहे. ॲप्निया म्हणजे श्वास नाही. पुढे व्यंजन, म्हणून नुसता 'अ'. ॲन्यूरियाला पुढे स्वर, म्हणून 'अन्'. ॲनिमिया म्हणजे अन् अधिक रक्त, 'रक्त नाही'. अर्थात अक्षरशः नाही, कमी आहे.

'हायपर' म्हणजे आपला 'उपरि', वरचा, मर्यादेच्या वर गेलेला. लॅटिनमध्ये हाच 'सुपर'. 'हायपो' म्हणजे आपला 'उप', खालचा. लॅटिनमध्ये हाच 'सब'. म्हणून तर सब-इन्स्पेक्टरला मराठीत उपनिरीक्षक म्हणतात. ही उपमा मी प्रत्येक बॅचला देते आणि ती कोणी विसरत नाही: फौजदाराच्या पाटीवरचा 'उप' आणि हायपोटेन्शनमधला 'हायपो' हे भाऊ-भाऊ.

'डिस' म्हणजे दुस्, दुर्. आमच्याकडे जत-आटपाडीला दुष्काळ शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुस् अधिक काळ, वाईट काळ. तसाच डिस्प्निया, म्हणजे वाईट, कष्टाचा श्वास. डिसेंट्री म्हणजे आतड्याची वाईट अवस्था. याच्या उलट ग्रीक 'यू' म्हणजे आपला 'सु'. युथायरॉइड रिपोर्ट आला तर घाबरू नका, थायरॉइड सुस्थितीत आहे असं तो सांगतो.

'पेरी' म्हणजे परि, भोवती. पोटातल्या अवयवांभोवतीच्या पडद्याला पेरिटोनियम म्हणतात आणि विश्वकोशात त्याला पर्युदर म्हटलंय: परि अधिक उदर. विश्वकोशाचा मुख्य फायदा हाच. आपल्या लोकांनी मराठी संज्ञा घडवताना बहुतेक वेळा ग्रीक-लॅटिन शब्दाचे सांधे उकलून तसेच्या तसे मराठीत जोडले आहेत. इंजेक्शन म्हणजे लॅटिन 'आत' अधिक 'फेकणं', आणि मराठीत अंतःक्षेपण. अर्धं डोकं दुखण्याला ग्रीक लोक 'अर्ध-कवटी' म्हणत, हेमिक्रेनिया. तोंडातोंडी पुढचा 'हे' गळून त्याचं मायग्रेन झालं. आणि आपली आजी काय म्हणते? अर्धशिशी. तिने ग्रीक ऐकलेलं नाही, पण दुखणाऱ्या डोक्याकडे दोघांनी एकाच नजरेने पाहिलं.

डायरियाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. 'डाया' म्हणजे आरपार, आणि पुढचा भाग वाहण्याचा. ग्रीकचं हे 'वाहणं' आणि आपला 'स्राव' एकाच मुळातले आहेत. मराठीत अतिसार म्हणतो, अति अधिक सार, आणि 'सार' सुद्धा वाहण्याचाच. ओआरएसच्या पोस्टरवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात. एकदा थांबून वाचा.

३. प्रत्येक उपसर्गाचा जुळा भाऊ शोधा

नव्या मुलींचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो: एकाच गोष्टीला दोन नावं का? कारण एक नाव ग्रीक आणि दुसरं लॅटिन.

इमर्जन्सी ट्रॉलीवर ॲड्रिनलिनची ॲम्प्यूल असते. अभ्यासाचं पुस्तक अमेरिकन असेल तर त्यात एपिनेफ्रिन लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी मी ही दोन औषधं समजत होते आणि वहीत दोघांना वेगळी पानं दिली होती. सोडवून पाहा. लॅटिन 'अ‍ॅड' म्हणजे जवळ, 'रेन' म्हणजे मूत्रपिंड. ग्रीक 'एपि' म्हणजे वर, 'नेफ्रॉस' म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून येणारा पदार्थ, एवढाच दोन्हींचा अर्थ. मराठीत त्या ग्रंथीला अधिवृक्क म्हणतात. धावपळीच्या क्षणी डॉक्टरांनी एक नाव घेतलं आणि तुम्ही ट्रॉलीत दुसरं शोधत उभ्या राहिलात तर वेळ जातो. म्हणून ही जोडी पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

तसंच हायपोडर्मिक आणि सबक्यूटेनियस. पहिला ग्रीक, दुसरा लॅटिन, अर्थ एकच: त्वचेखाली. इन्सुलिन देतो ते हेच.

बाकीच्या जोड्या आधी ग्रीक, मग लॅटिन अशा लिहा: पॉली आणि मल्टी (बहु), हेमी आणि सेमी (अर्ध), पेरी आणि सर्कम (परि), एन्डो आणि इंट्रा (अंतर्), सिन आणि कॉन (सम्), अँटी आणि काँट्रा (प्रति), टेट्रा आणि क्वाड्री (चतुर्). स्टेशनबाहेरच्या पाट्यांवर एका इमारतीला मल्टिस्पेशालिटी आणि शेजारच्या गाळ्याला पॉलिक्लिनिक का म्हणतात, तेही यातच आलं.

दोन भाषांची मोटही सर्रास बांधलेली दिसेल. हायपरटेन्शनमध्ये पुढचा तुकडा ग्रीक आणि मागचा लॅटिन आहे. त्यात बिचकण्यासारखं काही नाही. आपण 'बेशुद्ध' म्हणतो त्यात 'बे' फारसी आणि 'शुद्ध' संस्कृत.

४. संधी आठवा, नाहीतर उपसर्ग ओळखू येणार नाही

उपसर्ग पुढच्या अक्षराला टेकला की रूप बदलतो. उत् अधिक लेख, उल्लेख. उत् अधिक नती, उन्नती. 'उत्' दिसत नाही म्हणून तो नाही असं आपण म्हणत नाही.

लॅटिन 'इन' असाच बदलतो. पुढे पी, बी, एम आला की 'इम', एल आला की 'इल', आर आला की 'इर'. इम्यून, इल्लीगल, इर्रेग्युलर. 'सब' चा 'सप' होतो, म्हणून सपोझिटरी म्हणजे खालून आत ठेवायची गोळी. 'सिन' चा 'सिम' होतो: सिम्पटम. 'सिन' चा 'न' गळून नुसता 'सि'ही उरतो: सिस्टोल.

सिस्टोल आणि डायस्टोल रोज बीपी मोजताना लागतात, म्हणून थोडं थांबते. मागचा तुकडा दोन्हीत एकच. पुढे सिन, म्हणजे सम्, एकत्र येणं: हृदय आकुंचन पावतं. पुढे डाया, म्हणजे इथे वेगळं होणं: हृदय प्रसरण पावतं. वरचा आकडा आकुंचनाचा, खालचा प्रसरणाचा. असं समजलं की वर-खाली कधी उलटं लिहिलं जात नाही.

५. आकडे आणि मापं

हा भाग पटकन होतो. द्वि, त्रि, पंच, सप्त, अष्ट, दश हे पाठ आहेतच. डाय, ट्राय, पेंटा, हेप्टा, ऑक्टो, डेका हे त्यांचेच भाऊबंद. सप्टेंबर ते डिसेंबर या नावांत सात ते दहा दडलेले आहेत, कारण जुनं रोमन वर्ष मार्चला सुरू व्हायचं. आपल्या चैत्राच्या आसपासच.

१७९५ साली फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत ठरली तेव्हा मोठ्या मापांना ग्रीक आणि छोट्या मापांना लॅटिन उपसर्ग दिले. किलो ग्रीक, म्हणजे हजार. सेंटी आणि मिली लॅटिन, शंभरावा आणि हजारावा भाग. 'मायक्रो' मात्र ग्रीक आहे, 'लहान' या अर्थाचा, आणि तो मिलीच्याही हजारपट लहान. वॉर्डात सगळ्यात जपायचं ते इथे. थायरॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, ५० मायक्रोग्रॅम वगैरे. मायक्रोच्या जागी मिली वाचलं तर डोस हजारपट होतो. केसपेपरवर अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका, लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐकलेत तर 'क्विंटल' कानावर येईल. आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती क्विंटलवरच विकली जाते. शब्दाच्या तोंडावरून वाटतं की हा 'क्विन', म्हणजे पाच. तसं नाही. लॅटिनमधल्या शंभराच्या शब्दाचं अरबीत 'किंतार' झालं आणि तिथून परत युरोपात क्विंटल. म्हणून शंभर किलो. तोंड ओळखीचं दिसलं तरी कोश उघडायचा, हे मी या शब्दावरून शिकले.

६. सापळे

इथे घाई करू नका. माझ्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण यातले बरेचसे सापळे फक्त मराठीतून शिकलेल्यांसाठीच आहेत. इंग्रजीत दोन वेगळी स्पेलिंगं असतात, आपल्या कानाला आणि देवनागरीला ती एकच होतात.

*अँटी आणि अँटी.* अँटिबायोटिकमधला अँटी ग्रीक, शेवटी आय, अर्थ विरुद्ध. अँटीनेटलमधला लॅटिन, शेवटी ई, अर्थ आधी. अँटीनेटल ओपीडी म्हणजे जन्माआधीची, गरोदर बाईच्या तपासणीची. एका नव्या मुलीने कवठेमहांकाळच्या बाजूहून आलेल्या सासूबाईंना 'अँटी म्हणजे विरोधी' असं समजावलं आणि त्या बिचाऱ्या सुनेला घेऊन परत निघाल्या होत्या. वेळेवर कोणीतरी थांबवलं म्हणून बरं झालं. आपण चुकीचा अर्थ सांगितला की समोरचं माणूस त्यावर निर्णय घेतं.

*डिस आणि डिस.* डिस्प्नियातला वाय घातलेला, ग्रीक, वाईट. डिसलोकेशनमधला आय घातलेला, लॅटिन, दूर होणं: सांधा जागचा निखळतो. डिस्चार्ज मधलाही हाच.

*इंटर आणि इंट्रा.* सरकारी नोकरीतल्यांच्या घरात आंतरजिल्हा बदली आणि जिल्हांतर्गत बदली हे शब्द ऐकले असतील. पहिली दोन जिल्ह्यांमध्ये, दुसरी एकाच जिल्ह्याच्या आत. इंटर म्हणजे आंतर: इंटरकॉस्टल, दोन बरगड्यांमधलं. इंट्रा म्हणजे अंतर्गत: इंट्राव्हीनस, शिरेच्या आत. बदलीचं लक्षात ठेवा, हे कायमचं सुटेल.

*कॅलेमिया आणि कॅल्सेमिया.* पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम, म्हणून हायपोकॅलेमिया म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी. हायपोकॅल्सेमिया म्हणजे कॅल्शियम कमी. फोनवर लॅबने सांगितलं तर परत विचारून घ्या: 'पोटॅशियम ना?'

*ओडी.* मेडिसिन वॉर्डात ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या वॉर्डात तेच ओडी म्हणजे उजवा डोळा. दोन्ही लॅटिनचीच आद्याक्षरं. वॉर्ड बदलला की संक्षेपांची यादी नव्याने विचारा.

*उपसर्गासारखं दिसतं, पण नाही.* इन्सुलिनमधला 'इन' नकाराचाही नाही आणि 'आत'चाही नाही. पॉल लँगरहान्स यांनी १८६९ साली स्वादुपिंडात पेशींचे पुंजके पाहिले. समुद्रातल्या बेटांसारखे दिसणारे म्हणून त्यांना बेटं म्हणायची रीत पडली. लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट, त्यावरून इन्सुलिन. ॲनाटॉमीत 'अन्' नाही, 'ॲना' आहे, म्हणजे वर आणि आरपार, अधिक कापणं. ऑर्थोपेडिकमधला 'पेड' मला कित्येक दिवस पायाचा वाटत होता, पाय मोडलेले पेशंट तिथेच असतात म्हणून. तो ग्रीक आहे, मुलांचा. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरांनी १७४१ साली मुलांची हाडं सरळ ठेवण्याच्या विद्येला हे नाव दिलं. पेडियाट्रिकमधला 'पेड'ही तोच.

*हायपर आणि हायपो.* हे शेवटी ठेवलं, कारण हे माझ्या हातून झालं आहे. पहिल्या वर्षीची रात्रपाळी होती. पहाटे एका आजोबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटरवर साखर ४८ आली, म्हणजे फार कमी. डॉक्टरांना बोलावलं, ग्लुकोज दिलं, आजोबा सावरले. सकाळी थकलेल्या हाताने मी हँडओव्हरच्या वहीत लिहिलं: 'पहाटे हायपरग्लायसेमिया.' आकडा लिहिला नाही. साडेआठला त्यांचं इन्सुलिन ड्यू होतं. इन्चार्ज सिस्टरांनी वहीवर विश्वास न ठेवता ग्लुकोमीटरची मेमरी उघडली, ४८ पाहिली आणि ट्रेवरची सिरिंज उचलून बाजूला ठेवली. त्या मला ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळ, शब्दाशेजारी आकडा लिहायचा. शब्द चुकला तरी आकडा सांभाळून घेतो."

तेव्हापासून मी हायपो किंवा हायपर एकटा लिहिलेला नाही. साखर ७० च्या खाली हायपो, तर शब्द आणि शेजारी मशीनवरचा आकडा. बीपी, पोटॅशियम, सोडियम, सगळ्याला हीच सवय. फोनवर सांगताना तर 'हायपो, कमी झालीय' असं मराठी शब्द जोडूनच सांगायचं. 'हायपो' आणि 'हायपर' मधला फरक पंख्याच्या आवाजातही बुडतो, 'कमी' आणि 'जास्त' बुडत नाही.

७. वही कशी लिहायची

एका पानावर एकच उपसर्ग. वर लाल पेनने उपसर्ग, त्याखाली इंग्रजी स्पेलिंग, मग ग्रीक की लॅटिन, मग मराठी-संस्कृत नातेवाईक असेल तर तो, आणि मग खाली शब्द येतील तसे. आठवड्याला तीनपेक्षा जास्त पानं उघडू नका. राउंडमध्ये ऐकलेला शब्द त्याच दिवशी योग्य पानावर गेला पाहिजे.

पेशंटचं नाव, बेड नंबर, गाव यातलं काहीही या वहीत लिहू नका. केसपेपरचा फोटोही काढू नका. शब्द तेवढा घ्या.

पाठांतर हवंच असेल तर मैत्रिणीबरोबर उलटा खेळ खेळा. ती मराठीत अर्थ सांगेल, 'हृदय हळू चाललंय', तुम्ही शब्द बांधायचा: ब्रॅडी अधिक कार्डिया. मग ती विचारेल, हळू म्हणजे किती? मिनिटाला ६० च्या खाली. आणि जोरात? टॅकीकार्डिया, १०० च्या वर. सांगली-मिरज सिटी बसच्या एका फेरीत पंधरा शब्द होतात. बस हा शब्दही लॅटिनच आहे. 'ओम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. त्यातलं 'सर्व' गळून गेलं आणि नुसता 'साठी'चा विभक्तिप्रत्यय उरला, त्यालाच आपण हात दाखवून थांबवतो.

८. आता एक मोठा शब्द स्वतः सोडवा

हायपोपॅराथायरॉइडिझम. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा धीर सुटला होता. आता तुकडे करा.

मागून: 'इझम', म्हणजे स्थिती. पुढून: 'हायपो', कमी. राहिलं पॅराथायरॉइड. त्यातही पुढे उपसर्ग आहे, 'पॅरा', शेजारी. आणि थायरॉइड म्हणजे ग्रीकमध्ये 'ढालीसारखी', गळ्यातली अवटू ग्रंथी. म्हणजे थायरॉइडच्या शेजारी चिकटलेल्या छोट्या ग्रंथींचं काम कमी पडलंय. उपसर्गाच्या पोटात उपसर्ग आहे, एवढंच. आपल्याकडे 'दुष्परिणाम' नाही का? दुस्, मग परि, मग नाम.

अर्थ लागला की पुढचं आपोआप सुचतं. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला कशावर लक्ष ठेवायचं? शेजारच्या ग्रंथींना धक्का लागला असेल तर त्यांचं काम मंदावेल. त्यांचं काम रक्तातलं कॅल्शियम राखायचं. म्हणजे कॅल्शियम उतरेल, हायपोकॅल्सेमिया. वरचा सापळा लक्षात असू द्या, पोटॅशियम नव्हे. पेशंट म्हणेल, "सिस्टर, बोटांना मुंग्या येतायत, ओठांभोवती पण." त्यावर 'एकाच कुशीवर झोपला असाल' असं म्हणून पुढच्या बेडकडे जाऊ नका. ड्यूटी डॉक्टरांना लगेच कळवा, आणि चार्टवर शब्दाशेजारी कॅल्शियमचा आकडा आला की नाही ते पाहा.